भूमिका : राखीव

फहाहीलच्या किनाऱ्यामागे, मल्याळी चहावाल्याकडे
रोमुलोने कागद पुढे सरकवला
आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कप ठेवला.
एकच पान.
माझं नाव एकही अक्षर न चुकता लिहिलेलं,
दिगंबर भंगाळे,
अकरा मोसमांत पहिल्यांदा.
तेव्हाच कळलं, पुढच्या ओळीत काय असणार.

भूमिका : राखीव.

तो माझ्याकडे बघेना. समुद्राकडे बघत म्हणाला,
"कुया," (म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ)
"पोरं कच्ची आहेत. बाकावर कुणीतरी जाणतं हवं."
मी साखर ढवळत राहिलो.
चहात साखर आधीच होती.

जर्सीचा नंबर तोच, आठ. वर्गणी माफ.
शुक्रवारी पहाटे साडेचारला
मंगफच्या पुलाखाली गाडी, तीही तीच.
फक्त पुढची सीट आता जोमारची,
कारण कॅचरला पाय लांब करायला जागा लागते.
हा नियम मीच घातला होता.

त्याच आठवड्यात कंपनीनेही इकामा वाढवला.
एका वर्षाचा. आधी तीन-तीनचा असायचा.

भुसावळला, रेल्वेच्या मैदानावर,
सॉफ्टबॉलचे मास्तर सांगायचे :
बाकीचे आठ जण एकीकडे तोंड करून उभे,
तू एकटा त्यांच्या समोर.
उकिडवा बस आणि सगळं बघ.
चाळीस वर्षं उकिडवा बसलो.
आधी तिथल्या काळ्या मातीत, मग इथल्या वाळूत,
आणि रिफायनरीत पाइपांखाली वेल्डिंग करताना
तर पगार घेऊन.
आता खाली बसलो की
उठायला कुंपणाची जाळी शोधतो.

घरी फोन केला. लेक म्हणाला,
"खेळवणार नाहीत, तर सही कशाला?"
मागून ही म्हणाली, "करू दे रे. जुनं ते सोनं."
अगं, तीच तर गोम आहे.
तुझं सोनं तू घालतेस कधी?
तांदळाच्या पिंपात, फडक्यात गुंडाळून,
वर्षाकाठी एखादं लग्न,
की परत मोजून आत.

सही केली. मराठीत.
रोमुलोने उलटी-सुलटी करून पाहिली,
घडी घातली, खिशात टाकली.

बाकावरून मैदान बाजूने दिसतं,
आयुष्यभर समोरून पाहिलेला माणूस
एकाएकी कडेने दिसावा तसं.
आमचाच पिचर, दांते,
चेंडू वळवायच्या आधी त्याचा डावा खांदा
किंचित उतरतो.
अकरा वर्षं त्याच्या समोर बसलो,
मला दिसला नव्हता.

जोमार बावीसचा. हात चांगले.
पण चेंडू मातीत आपटला की मान फिरवतो.
मी ओरडलो नाही.
डाव संपल्यावर पाण्याची बाटली दिली,
म्हटलं, "घाबर. घाबरायला हरकत नाही.
हनुवटी खाली ठेवून घाबर."
तो हसला. मग हसायचा थांबला,
आणि पुढचा चेंडू छातीवर घेतला.

सातव्या डावात धूळ उठली.
अहमदीकडच्या ज्वाळा पिवळ्या पडल्या.
रोमुलो उठला, बाकावरून नजर फिरवली
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी पॅड बांधूनच बसलो होतो,
खरं सांगायचं तर खोलीतूनच बांधून निघालो होतो,
पँटच्या आत, पहाटे चारला.
नजर माझ्यावर आली, जरा थांबली, पुढे गेली.
त्याने धावायला एका पोरट्याला पाठवलं.
बरोबर होतं.
मीही त्यालाच पाठवलं असतं.

परतताना जोमारने काही न बोलता
आपली सीट पुढे ओढून घेतली,
गुडघे पार डॅशबोर्डला टेकेपर्यंत.
मागे मी पाय पसरले, पँट वर सारली,
पट्टे सोडले.
पोटऱ्यांवर वळ उठले होते,
लाल, रुंद,
दिवसभर खेळल्यासारखे.