अस्तर बाकी

खानापुरात, बस स्टँडच्या मागच्या बोळात माझं शिलाईचं दुकान.
खुंटीवर दोन वह्या.
एकीत मापं : छाती अडतीस, खांदा सतरा,
गणपतीआधी पाहिजे, पन्नास ॲडव्हान्स.
दुसरीतही मापंच म्हणा.

ती ओमाणानं आणून टांगली. तो कौलाच्या भट्टीवर कामाला.
पहिल्या पानावर त्यानं भट्टीचीच कविता लिहिली,
खाली रेघ, आणि रेघेखाली :
'वाचलासा तर काय वाटलं ते लिवा. लाजू नका.'
तीन दिवस कुणाचं पेन उघडलं नाही.
चौथ्या दिवशी इनास बेकरीवाल्यानं लिहिलं :
'मीठ कमी.'

ओमाणा आठवडाभर पलीकडच्या बोळानं घरी गेला.
मग आला, उभ्या उभ्याच
तीच कविता पुन्हा लिहिली,
चार ओळींनी आखूड.
इनासनं वाचली आणि काहीच न लिहिता
एक पाव कागदात बांधून ठेवून गेला.

महांतेश लाइनमन, घरात कानडी,
लिहितो मराठी, पण कानडी अक्षरात.
'शाळेत हीच गिरवली, आता हात वळत नाही.'
ओमाणाला ती गोल अक्षरं येत नाहीत, मला येतात;
दुकानाचा बोर्ड तीनदा रंगवून घेतला, तेवढ्यात आली.
म्हणून मी मशीन थांबवतो, मोठ्यानं वाचतो.
एकदा त्यानं खांबाच्या जागी लिहिलं होतं 'कांब'.
मी दुरुस्त करून वाचायला गेलो
तर ओमाणा म्हणाला, 'ऱ्हाऊ दे मर्दा, कांबच बरी.
वाऱ्यात वर चढलेल्याला ती तशीच ऐकू येत असंल.'
महांतेश हातातल्या पक्कडीकडं बघत राहिला.

चोपडे मास्तर सगळ्यांखाली 'अप्रतिम' लिहितात.
एकदा मी घाईत चुकीच्या वहीत लिहून बसलो :
'कुडाळेवहिनी. अस्तर बाकी, हुकं लावणे.'
संध्याकाळी खाली सही होती :
'अप्रतिम.'
हसून हसून इनासला ठसका लागला.
मला मात्र रात्री वाटलं,
मास्तरांचं अगदीच चुकलं नसेल.

मग जांबोटीची शेवंता गावडे.
ब्लाउजपीसच्या घडीत एक कागद, नाव नाही घातलेलं.
आठ ओळी.
जंगलात ज्या एका दगडावर फोनला रेंज येते
त्या दगडावर चढून बसायचं
आणि कुणालाच फोन लावायचा नाही.
नंतर शेवटची ओळ,
आईच्या मायेबद्दल काहीतरी, कॅलेंडरवर असते तशी.

सगळ्यांच्या कवितांना टाचण्या लावणारा मी,
मला काही सुचेना.
ब्लाउज शिवला. चिठ्ठीवर लिहिलं 'छान', घडीत सारलं.

महिन्यानं आली.
'बसला बरोबर. बाही पण.
पण कागदाला तुम्ही माप न घेताच लिहिलंसा.'
दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, हे बरं झालं.

त्या रात्री दिवा न विझवता बसलो. तिचा कागद पाठ झाला होता.
लिहिलं : शेवटची ओळ उसवा.
ती तुमची नाही, ऐकलेली आहे.
दगडावरच बसून राहा.
जांबोटीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं,
आणि लगेच वाटलं परत मागून घ्यावं,
पण गाडी मलप्रभेच्या पुलाकडं वळली होती.

पावसाळा गेला. नवा ब्लाउजपीस आला, घडीत कागद.
सात ओळी.
आठवीच्या जागी टाका उसवल्यावर कापडावर राहतात
तशी बारीक छिद्रं, पेनच्या टोकानं पाडलेली.
आणि त्यांच्या खाली :
'सगळ्यांचं वाचतासा. तुमचं कुठं आहे?'

ओमाणा बाकावर होता. त्यानं वाचलं, मला दिलं,
काही बोलला नाही. बिडी पण पेटवली नाही.

मी खडू ठेवला, हात पँटीला पुसले,
खुंटीवरची वही काढली.
निघाली मापांची.
तीच उघडली.