चार किलो

हातोडाफेक म्हणतात, पण हातोडा नसतोच त्यात.
तारेच्या टोकाला लोखंडी गोळा, चार किलोचा,
आणि तो सोडायचा कधी, एवढाच काय तो प्रश्न.
मी तेरा वर्षांची असताना हेल्वी रौतियो मला हे म्हणाली,
कौहावाच्या दूधसंघामागच्या मैदानात,
पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खिशात पेन्सिलीचं थोटूक.

तिच्या काळी बायकांना हातोडा बंद होता.
ती थाळी फेकायची.
ताम्पेरेला एका ओल्या रविवारी खांदा निखळला,
पुन्हा बसला, पण तिरका.
त्या वर्षीचा कप घरात होता तिच्या,
त्यात ती खिळे ठेवायची.

दिवसभर संघात दुधातलं फॅट मोजायची,
संध्याकाळी आम्हाला.
"हातांनी फेकू नकोस. हात म्हणजे नुसती दोरी.
ढकलतात ते पाय."
सात फुटांच्या त्या वर्तुळात चार गिरक्या,
जग पुसट होत जायचं, बर्च झाडांची एक पांढरी रेघ उरायची,
त्या रेघेत कुठेतरी ती उभी, हलत नसलेली एकच गोष्ट.
चांगली फेक झाली की म्हणायची, "चालेल."
एकोणीस वर्षांत मी हे किती वेळा ऐकलं
ते मला पाठ आहे. सांगणार नाही.

गोळा पडला की गवतात खड्डा व्हायचा.
आम्ही पोरी सॉनाकडे पळायचो,
ती बादलीत वाळू घेऊन एकेक खड्डा बुजवत राहायची,
पायाने दाबून, वाकून, तिरका खांदा सांभाळत.
बाजूचं शेत हौतालाचं.
तिथे पडलेल्या गोळ्यांचे खड्डेही तीच बुजवायची.

आणि हिवाळा.
हिवाळ्यात गोळा बर्फात शिरायचा, नुसतं एक भोक दिसायचं,
ती फावडं घेऊन थेट तिथे जायची,
जणू खालून तिला कोणी हाक मारतंय.
एकदाच चुकली.
माझीच फेक होती, कुंपणापलीकडे गेलेली,
वर ताजं बर्फ पडू लागलेलं.
अंधार होईतो उकरलं आम्ही.
तिने वही काढली, लिहिलं:
येणे बाकी, गोळा एक.

मी निवड हुकले अकरा सेंटिमीटरने.
परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी, मांडीवर मोजपट्टी.
अकरा सेंटिमीटर ओढायची, सोडायची.
ओढायची, सोडायची.
पट्टी खट्कन आत जायची.
सेइनायोकीपर्यंत हेच.
मला वाटलं, ही मला बोलतेय.
आज वाटतं, ती स्वतःला समजावत होती,
की कुणालाच नाही, फक्त पट्टी तपासत होती.
मग राईच्या ब्रेडचा अर्धा तुकडा दिला.
मोठा अर्धा.

फेब्रुवारीत ती गेली.
जमीन इतकी गोठलेली की खणण्याआधी
दोन दिवस तापवावी लागली.
नऊजणी आलो होतो, सगळ्यांचे खांदे रुंद,
चर्चच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या.
पाद्रीबुवांनी तिला थोर खेळाडू म्हटलं.
मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चालेल,"
आणि आम्ही तोंडावर मोजे दाबून हसलो,
मग ते हसू राहिलं नाही.

एप्रिलअखेर हौतालाचा मुलगा दारात,
हातात मातीचा गोळा, तारेचं नखभर टोक.
नांगराला लागला म्हणाला.
कुठे, ते नीट सांगता येईना त्याला;
इतक्या वर्षांत नांगराने तो कुठून कुठे नेला, कोण जाणे.
म्हणजे फेक मोजता येणार नाही.

सॉनात नेऊन धुतला.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला:
तीन किलो नऊशे दहा.
नव्वद ग्रॅम गंजाने खाल्ले.
नियमात बसत नाही.

तिची वही माझ्याकडे आली आहे.
ते पान सापडायला वेळ लागला.
तिच्या ओळीखाली लिहिलं, पेन्सिलीनेच:
मिळाला.
वजन कमी.