श्वास रोखा

पहाटे साडेतीनला ठवकरची वॅगन-आर
ऑटोमोटिव्ह चौकात उभी, इंडिकेटर लावून.
मागच्या सीटवर माझी कॅमेऱ्याची बॅग ठेवली
तर त्यानं तिला सीटबेल्ट लावला.
"लेकरू आहे ना तुझं," म्हणाला.

लेकरूच. सीताबर्डीत सेकंडहँड घेतलेलं,
लग्नांचे फोटो काढणाऱ्या कोणाचं तरी;
लेन्सच्या कडेला अजून हळदीचा डाग.

कामठी गेलं, कन्हानचा पूल गेला.
मनसरला उजव्या हाताला रामटेकच्या गडावरचे दिवे,
घर सोडताना कोणी बंद करायचे विसरल्यासारखे.
ठवकर बोलतच होता, बेसाचा प्लॉट, जावयाची बदली.
मग रस्ता जमिनीवरून उचलला गेला,
दोन्ही बाजूंना उंच भिंती आल्या,
आणि त्यानं आपणहून आवाज खाली केला.
"आता खालून जाऊन राहिले असतील ते."
आम्ही ताशी साठनं
कोणाच्या तरी छतावरून चाललो होतो.

बावीस वर्षं मी मेडिकलच्या एक्स-रे खोलीत आहे.
माणसं शर्ट काढतात, थंड प्लेटला छाती टेकवतात.
मी शिशाच्या काचेआडून म्हणतो:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
चेहरे आठवत नाहीत.
फासळ्या आठवतात, थोड्याफार.

सिल्लारीच्या गेटवर जिप्सी मिळाली
आणि गाईड म्हणून इमला उईके,
खाकी शर्ट, पायात पोरग्याचे वाटावेत असे बूट.
ती बोटानं दाखवायची, मी कॅमेरा वळवायचो,
तोवर तिथं फक्त फांदी हलत असायची.
सकाळभरात माझ्याकडे जमा झालं:
एका सांबराची पाठमोरी बाजू,
अर्धा नीलकंठ,
ठवकरची टोपी, चार वेळा.
सगळंच जरा हललेलं.
हलू नका, हलू नका म्हणण्यात जन्म गेला
आणि हात हे असे.

नाल्याच्या वळणावर कुलूचं झाड होतं,
पांढरंफक, अंगावर पान नाही.
मी लगेच ओळखलं: डावा हात, मनगटापासून वर.
"सुट्टीच्या दिवशी तरी," ठवकर म्हणाला.

तेवढ्यात वरून वानर खोकलं.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.
गवताची एक पट्टी
वारा नसताना वाकली.
मी कॅमेरा डोळ्याला लावला,
आणि सवयीनं, ओठातल्या ओठात:
श्वास घ्या. रोखा.

इमलाबाई गवताकडे बघायची सोडून
माझ्याकडे वळल्या.
"तुमी मेडिकलले असता का?"

दोन उन्हाळ्यांपूर्वी मोहफुलं वेचताना
अस्वलानं पाडलं होतं त्यांना. तीन फासळ्या.
"खोलीत अंधार होता, तोंड नाही दिसलं तुमचं.
आवाज हाच होता.
रोखा म्हणाले,
अन् सोडा म्हणालेच नाही."

कोणी हाक मारली असेल, लाईट गेली असेल,
चहा आला असेल.
मला काही आठवलं नाही.
"किती वेळ उभ्या होत्या?"
"सिस्टर आली तवा सोडला.
म्या म्हटलं, हलली तर बिघडन तुमचा फोटो."

मागे ठवकर माझी बाही ओढत होता,
अबे बघ, अबे बघ.
पलीकडच्या जिप्सीतून दहा कॅमेरे एकदम वाजले.

मी म्हणालो, सोडा.

त्या हसल्या, तोंडावर हात न घेता,
खांद्यापासून कमरेपर्यंत पूर्ण हलून,
आणि माझं बोट दाबलं गेलं.

परतताना देवलापारला तर्रीपोहे खाल्ले.
ठवकरच्या फोनमध्ये वाघ आहे,
दीडेक फूट शेपूट आणि पुढे गवत.
तो टपरीवाल्यालाही दाखवून आला.
माझ्याकडे एक खाकी शर्ट आहे, पुसट,
कडा कुठं संपतात कळत नाही.
मोठा करून पाहिला.
फासळ्या दिसत नाहीत.