ण

फॉर्मवर वय लिहिलं: चौतीस वर्षं, दहा महिने.
खिडकीतला बाबू म्हणाला, दोन महिने उशीर केला असता ताई,
तर घरीच बसल्या असत्या.

घरीच तर बसले होते.
सक्करदऱ्याच्या गल्लीत, पायमशीनवर, सोळा वर्षं,
मागे कूलर, पुढे सगळ्या मोहल्ल्याची मापं.

मला आधी कळायचं.
नवऱ्यांच्या आधी, कधी त्या बायांच्याही आधी.
'जरा शिवण सोडून द्या' म्हणत कुणी आली
की मी तोंड बघायचे, विचारायचे काही नाही,
दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच मोकळा करायचे.
मी आत कापड ठेवते नेहमी.
दुसरे टेलर कापून टाकतात.

आता सकाळी आठला वर्ग.
शेजारी प्रणोती, एकोणीस वर्षांची, मला काकू म्हणते;
तिच्या वहीतून मी श्रोणीची हाडं उतरवून घेते.
रात्री अकरानंतर लग्नसराईचे ब्लाऊज.
एका पावतीमागे घाईत लिहून ठेवलं होतं:
नाळ: दोन रोहिणी, एक नीला.
गिऱ्हाईक पावती घेऊन परत आली,
'ह्या रोहिणी न् नीला कोन? त्याइचं कापड माह्याकडं नाही.'

टेप लावला तेव्हा पहिल्याच दिवशी
मेश्राम सिस्टरांनी हातावर चापट मारली.
इतका ओढू नको. हे ब्लाऊज नाही.
खरं होतं. मी फिटिंगचं माप घेत होते.

सासू म्हणते, सुईन व्हाले शाळा लागते काय?
तिची आजी उमरेडकडे सुईन होती,
पायलीभर तांदूळ न् एक जुनं लुगडं, एवढ्यावर.
आमच्या तोंडात ण येत नाही.
पाणी ते पानी, कोण तो कोन.
वर्गातून येताना सायकलवर मी तो शब्द
नीट म्हणून पाहिला, जीभ मागे वळवून.
सुई माझ्याकडे होतीच.
उरलेल्या एका अक्षराला दोन वर्षं लागणार
आणि फीचे तीन हप्ते.
कागदावर तर तेही अक्षर नाही. कागदावर प्रसाविका.

मे महिना. लेबर रूमच्या खिडकीला ओलं चवाळं,
ते अर्ध्या तासात वाळतं.
टेबलावरच्या बाईने कळ ओसरल्यावर डोळे उघडले,
मास्कच्या वर उरलेली मी तिने ओळखली.
'टेलरबाई?'
रेवता गजभिये. छाती अडतीस, पोपटी ब्लाऊज,
रामनवमीपासून माझ्या खुंटीवर.
'झालं का हो माह्यं...'
आणि पुढची कळ.
सिस्टर माझ्याकडे बघत होत्या.
मी म्हटलं, हूक बाकी आहेत.
ती हसली की विव्हळली, अजून सांगता येत नाही.

भोंगा लावून ठोके मोजले. एकशे चव्वेचाळीस.
पातळ अस्तरावर मशीन सुसाट सुटते ना, तसे.
फक्त पायाखाली पायडल नव्हतं.

मग माझ्या हातांवर सिस्टरांचे हात.
ओढू नको. नुसतं धर. येऊ दे.
डोकं आलं. खांदा आपला आपणच वळला.
पुढचं एकदम,
उलटी शिवलेली बाही सुलटी करताना
सुळकन बाहेर येते तसं.
मुलगी. तीन किलोला पन्नास ग्रॅम कमी.
केसबुकात सिस्टरांनी लिहिलं: सहाय्य, एक. स्वतः, शून्य.

घरी साडेअकरा. पोर झोपलेलं, भात झाकलेला.
खुंटीवरून पोपटी काढलं.
पाठ शिवून बंद केली,
पुढचं कापड मधोमध कापलं,
कडांना जरा जास्तच जागा सोडली.
पावतीवर शिलाई तेवढीच ठेवली.
पोपटी दोरा संपला होता.
शेवटचा हूक हिरव्याने लावला.