दोन सूत

सिग्ने हे नाव टिंबर मार्केटात कुणाच्या जिभेवर बसेना.
आठवड्यात तिची सगुणाबाई झाली
आणि मग तीही त्याच नावानं सही करू लागली
लाकडाच्या पावतीवर.

नवरा चिंचवडला, बेअरिंगच्या कारखान्यात साहेब.
ही सकाळी सायकलवरून रामोशी गेटापाशी उतरायची,
बगलेत कागदाची सुरळी, केसात खोचलेली पेन्सिल,
आणि अण्णांच्या शेडमध्ये
भुशावर फतकल मारायची.
अण्णा म्हणजे केरबा पांचाळ, माझे वडील.
शाळा सुटली की मी पोत्यात भुसा भरायचे,
म्हणून हे सगळं मला
टेबलाच्या खालूनच आठवतं.

बाई सेंटिमीटरमध्ये बोलायची, अण्णा सुतात.
इंचाचे आठ सूत, ते बोटाच्या पेरावर दाखवायचे.
पहिले तीन महिने दोघांच्या मधे
एक खुर्ची नुसती डुगडुगत राहिली.
मग सूत जुळलं.

"तो लाकूड," ती म्हणायची. "तो खुर्ची."
अण्णांनी तिचा काटकोन दहादा दुरुस्त केला,
व्याकरण एकदाही नाही.

तिचा बाप उन्हाळ्यात खुर्च्या करायचा, हिवाळ्यात शवपेट्या.
तिकडे जमीन गोठते. मार्चपर्यंत खड्डा खणता येत नाही,
म्हणून पेट्या थांबतात वखारीत, फळ्यांशेजारी.
त्यांच्यातून वाट काढत ती रंधा मारायला शिकली,
मुलीनं मागावर बसावं असं आई म्हणत असताना.
"म्हणून मी खालची बाजू पण गुळगुळीत करते," ती म्हणाली.
यात 'म्हणून' कुठून आलं, मला कळलं नाही.
अण्णांनी मात्र त्या दिवसापासून
स्टुलाच्या पोटालाही पॉलिशपेपर मारला.

पॉलिश तिला खपायचं नाही.
५०१ बार किसणीवर किसायची,
कोमट पाण्यात कालवून सागवानाला फासायची.
"खुर्चीला आंघोळ!" वखारीचे कच्छी शेठ
हसून हसून डोळे पुसायचे.
सागवान काळवंडलं.
ती दोन दिवस आली नाही.
तिसऱ्या दिवशी टांग्यातून शिवण घेऊन आली,
पांढुरकं, हलकं.
ते साबण पीत गेलं
आणि सायीच्या रंगाचं झालं.

एका दुपारी तिनं विचारलं,
केरबा, तू किती खुर्च्या केल्या?
अण्णांनी पत्र्याकडं बघत हिशेब केला. दीड-दोन हजार.
"आणि बसला किती?"
पायाच्या अंगठ्यात फळी धरून
उकिडवे बसले होते ते, तसेच हसले.

तेव्हा तिनं त्यांनाच मापलं, सुतळीनं.
मांडी घातल्यावर गुडघ्यापासून गुडघा.
घोट्याखाली उरणारी पोकळी.
कागदावर उतरली ती ठेंगणी, ऐसपैस, वेताची, बिनहातांची:
मांडी घालून बसायची खुर्ची.
अण्णांनी ती केली. बसले नाहीत.
बाई उभी असताना?
"नंतर बसतो," म्हणाले.
नंतर साहेबाची बदली झाली.

पत्र अठ्ठ्याण्णव साली आलं, कुणा भाचीचं, इंग्रजीत.
मी वाचून दाखवलं. फेब्रुवारीत गेल्या.
अण्णांनी एवढंच विचारलं,
"आणि जमीन?"
ते पत्रात नव्हतं.
सोबत तोच नकाशा, घड्यांवर फाटलेला,
पायांशी लाल पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या देवनागरीत:
दोन सूत जास्त.

अण्णांनी माळ्यावरून खुर्ची उतरवायला लावली.
चपला काढल्या. मांडी घातली.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
सांधा खिळखिळा आहे का
हे कान लावून ऐकतात तसे.
"जास्तच आहे," म्हणाले,
आणि करवत मागितली.

सत्तरीचा हात. एक पाय केसभर अधिक गेला.
मी खाली पीएमटीचं जुनं तिकीट दुमडून सारते.
पावसाळ्यात ते काढून घ्यावं लागतं,
तेव्हा तो लाकूड फुगतो
आणि आपसूक टेकतो.