गणसंख्या

पिनांचा एक डबा मिळतो वर्षाला,
दिवाळीच्या आत संपतो.
मग मी बांधावरून बाभळीचे काटे आणतो.
कागदाला काय, टोचलं म्हणजे झालं.
प्राचार्य म्हणाले, मडावी, हे बरं दिसत नाही.
मी म्हटलं, दिसत नाही जी, पण टिकते.

सिंदेवाहीच्या या कॉलेजात एकवीस वर्षं
माझ्याच हातानं फळ्यावर चढले सगळे:
देणे आहे, घेणे आहे, सापडले आहे.
लोनवाहीत दोन खोल्या, फक्त मुलींसाठी,
नळ पहाटे चारला येतो.
इतिहासाचं पुस्तक, भाग दोन, निम्म्या भावात,
पान चाळीस ते छप्पन नाही, बाकी इतिहास पूर्ण.
डाव्या पायाची एक चप्पल सापडली आहे,
ओळख पटवून न्यावी.
(ती अजून माझ्या कपाटात आहे.)

निसर्ग मंडळाच्या सभेची वेळ नेहमीच खोडलेली,
साडेचारवर काट, साडेतीन,
साडेतीनवर काट, अडीच,
आणि खाली बारीक अक्षरात:
नवरगावच्या पोरांनी एकटं निघू नये,
वाघीण पिलं घेऊन रस्त्याला बसते.
नाट्य मंडळाला ढोलकी पाहिजे, दंडारीपुरती, उसनी.
महिनाभरात सगळे पिवळे पडतात
तणसासारखे.

आणि वाचक मंडळ.
दर गुरुवारी, दुपारी तीन, खोली क्रमांक सात.
विषय: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
सही, प्रणोती नन्नावरे, सचिव.
अध्यक्ष तीच, सदस्यही तीच.
मी तीनला कुलूप काढायचो, चारला लावायचो,
मधल्या तासात ती मोठ्यानं वाचायची
रिकाम्या बाकांना.
मध्येच थांबून विचारायची, कोणाला काही शंका?
पंख्याला असायची. कुरकुरायचा.

एकदा म्हणाली, काका,
मंडळाच्या घटनेत लिहून आहे, गणसंख्या दोन.
तुम्ही बसा.
मी म्हटलं, पोरी, मी चौथी शिकलेला.
म्हणाली, बसायला किती लागते?
बसलो मग. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर,
वाजू नये म्हणून मुठीत धरून.
पुढच्या गुरुवारी इतिवृत्तात वाचलं तिनं:
उपस्थित, श्री. दौलत मडावी.
एवढे कागद टोचले मी,
त्यांत माझं नाव कधी नव्हतं.
कोणाला सांगितलं नाही.
घरी सांगितलं. शेजारी पण.

माघात तिचा एक कागद आला, वेगळा.
सायकल विकणे आहे. लेडीज, योजनेतली.
मागचा ब्रेक लागत नाही, उतारावर पाय टेकावा.
किंमत नऊशे.
अट: घेणाऱ्याने चार गुरुवार खोली सातमध्ये बसावे.
वनरक्षकाच्या भरतीत लागली होती ती,
आलापल्लीच्या तिकडे कुठं,
जिथं पायीच फिरायचं असते.

नऊ जण विचारून गेले.
अट ऐकून सात हसत गेले,
आठवा म्हणाला, पाचशेत देता का, बसतो आठ गुरुवार.
राहिली डिंपल गहाणे, पहिल्या वर्षाची,
कच्चेपार फाट्यावरून चालत येणारी.
पैसे हप्त्यानं देतो म्हणाली. प्रणोतीनं मान हलवली
आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

डिंपल वाचते ती चिखलातून चालल्यासारखी,
एक शब्द टेकवून मग दुसरा उचलते.
मला घाई नसते.
कुठं अडली की मीच विचारतो आता,
कोणाला काही शंका?
ती म्हणते, मलाच आहे जी.

तारीख गेलेला कागद काढायचा, असा नियम आहे.
प्रणोतीच्या कागदावर तारीखच नाही,
तो आहे तसा आहे, चार काट्यांवर.
चार गुरुवार कधीचे भरले,
सायकल डिंपलची झाली, हप्ते फिटले.
पाचव्या गुरुवारी मी कुलूप काढलं खरं,
पण आत नाही बसलो, पायरीवर थांबलो.
तीन वाजून गेले.
मग फाटकाच्या उतारावरून
दोन्ही पाय जमिनीला घासत
ती येताना दिसली.
ब्रेक अजून लागत नाही.