वाकायचं किती

रजेच्या अर्जात कारण लिहिलं: घरगुती.
खरं कारण टेबलावर दोन तुकड्यांत पडलेलं.
सव्वा मीटरचा पंख, कार्बनच्या धाग्यांचा,
विंड टनेलमध्ये सेकंदाला एकतीस मीटरवर
थरथरला, आणि मग
थरथर म्हणण्याइतका वेळही त्यानं दिला नाही.

पालशेतला पोचले तर आगरात सुपारी उतरवणं चाललेलं.
जानू आरेकर वर, पायांत दोरीचा फास, कमरेला कोयती;
खाली त्याची सून मथुरा शिपटं झेलतेय.
एका पोफळीचं उरकलं म्हणून तो उतरत नाही.
अंगाचा भार टाकतो, पोफळ कलते,
परतते, आणखी कलते,
तिसऱ्या झोक्याला पलीकडची हातात.
सोडलेली मागे जाते
आणि बराच वेळ नाही नाही म्हणत राहते.

मी मोजत होते. सवयच ती.
उंची चाळीस फूट, शेंडा सरकला नऊ,
खोड दोन ओंजळींत मावेल एवढं.
आमच्याकडे कुणी असलं डिझाइन आणलं असतं
तर मीच लाल शेरा मारला असता.

पडवीत चहा घेताना त्याला सांगितलं:
पंख हलका हवा, लांब हवा, अरुंद हवा,
म्हणजे हवा कमी अडवते, तेल कमी जळतं.
पण असला पंख वाकतो.
वाकणं एकटं काही बिघडवत नाही, पिळणंही नाही;
एका वेगाला दोघांचा ताल जुळतो
आणि वाराच त्यांना पोसू लागतो.

बशीत फुंकर घालत जानू म्हणाला,
"मंग जुळू देऊ नको."

आणि थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल:
"वादळात साठ झाडं गेली ह्या आगरातली.
ताठ व्हती ती गेली. वाकली, त्यातली पण बरीच गेली.
ज्यांची झावळ वाऱ्याला वळली, ती ऱ्हायली."

संध्याकाळी वहीत धाग्यांची दिशा बदलली.
सरळ होते, ते वीस अंश तिरके;
टोक वर उचललं की
पुढची कड आपसूक खाली वळेल,
जेवढा झोत तेवढी माघार.
वजन तेच. अजून सगळं कागदावर,
आणि कागद उडू नये म्हणून वर अडकित्ता.

चुकलंही असेल. सोमवारी कळेल.

निघताना विचारलं, कुठवर वाकवायची
हे वर कसं समजतं?
"पोटरीला कळतं," म्हणाला, आणि फास उचलून गेला.

एसटीत सेन्सरची यादी काढली. सात जागा ठरलेल्या.
आठव्या ओळीत लिहिलं: पोटरी.
पुढे प्रश्नचिन्ह. तेही वाऱ्यानं जरा तिरकं.